अंगठा घेण्याआधीची एक ओळ

"सदरचे बक्षीसपत्र मी माझे राजीखुशीने, अक्कलहुशारीने, शरीरप्रकृती चांगली असताना, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले असे."

हे वाक्य मी आजवर किती दस्तांत लिहिलं, त्याचा हिशेब नाही. मिरजेत दस्तलेखक म्हणून बसायला लागलो तेव्हा टाइपरायटर होता, कार्बन घालून प्रती काढायचो. आता बक्षीसपत्राचा, म्हणजे मिळकत मोबदल्याशिवाय देऊन टाकण्याच्या दस्ताचा, मसुदा संगणकात तयार असतो. नावं, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा बदलल्या की दहा मिनिटांत दस्त हातात. अशाच एका तयार मसुद्यावर माझ्या सख्ख्या आत्याची सव्वा एकर जमीन गेली. मसुदा माझा होता. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आत्याला आम्ही आत्ती म्हणतो. कृष्णाकाठच्या गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझा आतेभाऊ अजून तिथंच आहे आणि त्याला चार माणसांत उभं करावं हा माझा हेतू नाही. आतोबा लवकर गेले. आत्तीनं तीस वर्षं ऊस केला, रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन पाणी पाजायला जायची, आणि कारखान्याच्या बिलाची पहिली उचल जमा झाली की पासबुक पदराखाली धरून बँकेत जायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण पासबुकावरचा शेवटचा आकडा तिला ओळखता यायचा आणि तो ती कुणाला सांगायची नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आत्तीच्या घराची मागची भिंत पडली, उसात इतके दिवस पाणी राहिलं की शेंडे कुजले. पाणी ओसरल्यावर वासानं गावात उभं राहवत नव्हतं. त्या सगळ्यातून पुन्हा उभं राहायचं तर कर्ज हवं होतं, आणि आतेभाऊ म्हणायला लागला की जमीन आईच्या नावावर, ती सत्तरीची, सोसायटी कर्ज काय देणार? माझ्या नावावर झाली तर माझं काम होईल. यात खोटं काही नव्हतं. त्या वेळी त्याच्या मनात काळंबेरं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये दोघं माझ्याकडे आले. घरचीच माणसं. मी चहा मागवला, मसुदा उघडला आणि नावं बदलली. "प्रेम व आपुलकीपोटी" हे तर त्यात होतंच. शेवटी होतं, "सदर मिळकत आज रोजी विनाअट बक्षीस दिली असून, यापुढे सदर मिळकतीवर लिहून देणार यांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही." मी दस्त वाचून दाखवला. आमच्या धंद्यात वाचतात तसा, एका दमात. आत्ती भाच्याच्या तोंडाकडे कौतुकानं बघत होती. दुय्यम निबंधकांसमोर फोटो झाला, अंगठा झाला. साक्षीदार दोघंही आतेभावाचे मित्र. मी फी घेतली नाही, त्याचाच मला अभिमान वाटला होता.

शेतजमीन किंवा राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवाला बक्षीस द्यायचं तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. सवलत चांगल्या हेतूनं दिलेली आहे आणि तिचा फायदा हजारो घरांना झाला. पण दस्त इतका स्वस्त झाला की लोक त्याच्याकडे रेशनकार्डात नाव घालावं तसं बघायला लागले. बक्षीसपत्र नोंदलं गेलं, समोरच्यानं स्वीकारलं, की मालकी तिथंच संपते. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे. त्यात देणाऱ्याच्या मनात आलं म्हणून बक्षीस परत घेता येत नाही. 'माझंच आहे, उद्या बदलता येईल' असं समजून अंगठा देणारे म्हातारे मी रोज बघतो. बदलता येतं ते मृत्युपत्र. बक्षीसपत्र नाही.

पुढं जे झालं ते हळूहळू झालं. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव बदललं, मग कारखान्यातली उसाची नोंद मुलाच्या नावावर गेली. नोंद ज्याची त्याच्या खात्यावर बिल. आत्तीच्या स्वतःच्या खात्यात थोडी ठेव होती, ती सोयीसाठी म्हणून दोघांच्या नावावर झाली, 'दोघांपैकी कुणीही काढावेत' या पद्धतीनं. एटीएम कार्ड मुलाच्या खिशात, पासबुक सुनेच्या कपाटात. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या की मागाव्या लागायच्या, आणि मागायचा संकोच म्हणून ती एक दिवसाआड घ्यायला लागली. माहेरच्या लग्नात आहेर करायला पैसे नाहीत म्हणून दुखण्याचं निमित्त करून आली नाही. आम्ही म्हटलं, वय झालं आता. मीही तेच म्हटलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ती एसटीनं मिरजेला आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. घराचं नवं बांधकाम निघालं होतं आणि तिची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत गेली होती. रात्री जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं, आत्ती, सही करताना काहीतरी बोलायचंस तरी. ती म्हणाली,

"बाळू, तू लिवलास म्हनून मी अंगठा दिला. दुसऱ्या कुनी लिवला आसता तर इचारलं आसतं, मला हाकलली तर काय म्हनून."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तो कायदा नीट वाचला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यासाठीचा केंद्राचा कायदा २००७ चा. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे आणि राज्याचे नियम २०१० चे आहेत. म्हणजे मी ज्या वर्षी आत्तीचा दस्त केला तेव्हा त्याला दहा वर्षं उलटून गेली होती. रोज जमिनीचे दस्त करणाऱ्या माणसानं तो कलमवार वाचलेला नव्हता.

त्यातलं कलम २३ मी पाचसहा वेळा वाचलं. साठ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसानं आपली मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा आणखी कुठल्या तऱ्हेनं दिली, आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट त्याला होती, आणि घेणाऱ्यानं ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं किंवा दडपणानं झालं असं धरलं जातं आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. 'अशी अट त्याला होती' या शब्दांवर माझं बोट थांबलं. माझ्या मसुद्यात काय होतं? विनाअट.

अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, करायचा असतो. तेच या न्यायाधिकरणाचे प्रमुख. आम्ही मार्चमध्ये अर्ज दिला. सोबत आत्तीचं आधार कार्ड, दस्ताची नक्कल, सूची दोन म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, जुना आणि नवा सातबारा, मधला फेरफार, आणि बँकेत जाऊन काढलेला तीन वर्षांचा खातेउतारा. हा उतारा काढताना एक गोष्ट कळली. तिला वाटत होतं पासबुक सुनेकडं आहे म्हणजे आपल्याला काही मागता येत नाही. पण संयुक्त खात्यातही ती खातेदार होतीच. आधार कार्ड दाखवलं, अर्जावर अंगठा दिला, उतारा मिळाला. त्याच दिवशी तिच्या एकटीच्या नावानं दुसरं खातं उघडलं. अंगठ्यावर खातं चालवणाऱ्या माणसालाही स्वतःचं वेगळं खातं ठेवता येतं. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा बँकेनं दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यावा आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. घरातल्या माणसानं स्लिप घरी नेऊन अंगठा उठवून आणायची ती रीत नव्हे. हे आपल्या शाखेत ठणकावून विचारावं.

वकील लावायचा का, हा आत्तीचा पहिला प्रश्न होता, कारण तिच्या डोक्यात कोर्ट म्हणजे मळा विकणं. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे या न्यायाधिकरणापुढं वकिलामार्फत बाजू मांडायची नाही. काही उच्च न्यायालयांनी यावर वेगळं मत दिलेलं आहे, पण म्हातारीला वकिलाची सक्ती नाही एवढं तिला पुरेसं होतं. ज्याला स्वतःला अर्ज करणं जमत नाही त्याच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. आणि घरातल्या घरातच कोंडलेला कुणी असेल तर न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं. याची माहिती मिळावी म्हणून १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि कोर्टाच्या कामासाठी मोफत वकील हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, त्यांचा नंबर १५१००. बायकांना आणि अपंगांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

आतेभावाला नोटीस गेली. गावात बोभाटा झाला. मला दोघातिघांचे फोन आले की घरातली भांडणं चावडीवर कशाला. एक जण, जो माझ्याहून मोठा आहे आणि ज्याचा मी मान ठेवतो, म्हणाला, "आईनं पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा म्हणजे कलियुग." मी त्यांना एवढंच सांगितलं की तिनं त्याला तुरुंगात घालायला सांगितलेलं नाही, गोळ्यांना पैसे मागितले आहेत. या एका शब्दाची, 'अर्ज' या शब्दाची, आपल्याकडे फार भीती आहे. म्हातारी माणसं पोराला शाप देतील, देवाला गाऱ्हाणं घालतील, गुरवाकडं कौल लावतील, पण अर्ज करणार नाहीत.

आधी सामोपचार झाला. कायद्यातच तशी सोय आहे, दोघांना समोर बसवून तोडगा निघतो का बघतात. तिथं आतेभाऊ रडला. त्याच्यावर खरंच कर्ज होतं, दस्ताच्या पुढच्या वर्षी, २०२१ च्या पुरात, पुन्हा ऊस गेला होता. पण महिन्याला किती देणार यावर आला की गप्प व्हायचा. मग सुनावणी. त्यानं माझा दस्त पुढं केला आणि शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. "विनाअट." मी मागं बसलो होतो. मी सांगितलं की माझ्यासमोर तो म्हणाला होता, 'आईला सांभाळणारच की.' अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, मग लिहिलं का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नुकताच, ६ डिसेंबर २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलेला होता, सुदेश छिक्कारा विरुद्ध रामती देवी. तो दस्त हक्कसोडपत्राचा होता. न्यायालयानं म्हटलं की कलम २३ लावायचं तर सांभाळाची अट हस्तांतरणाला जोडलेली होती हे दाखवावं लागेल. प्रेमानं दिलं म्हणजे अट गृहीत धरता येत नाही. आमच्या अर्जाचं भवितव्य तिथंच ठरलं.

चार महिन्यांनंतर आदेश झाला. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा आणि अपवाद म्हणून आणखी ३० दिवस, असं कायद्यात आहे. आमचं त्या मुदतीच्या टोकाला झालं. बक्षीसपत्र कायम राहिलं. आतेभावानं आईला दरमहा ६,००० रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात भरायचे, घरातली रस्त्याकडची खोली तिला द्यायची, औषधाचा खर्च वेगळा. कायद्यानं चरितार्थाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवलेली आहे. जी बाई एका हंगामात पन्नास टन ऊस घालत होती तिला त्याच जमिनीवर महिना सहा हजार. मला तो आदेश चुकीचा वाटला नाही. दस्तात जे होतं त्यावरच तो झाला, आणि दस्तात होतं ते मी घातलेलं.

दोन हप्ते आले, तिसरा आला नाही, चौथाही नाही. इथं एक मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे: थकलेली रक्कम वसूल करायला वॉरंट काढून घ्यायचं तर ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. रक्कम भरली नाही तर एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. आम्ही अर्ज दिला. कैदेपर्यंत गेलं नाही, पैसे भरले गेले, आणि तेव्हापासून पाच-सात तारखेपर्यंत येतात.

या काळात मी जे वाचलं, विचारलं, ते ओळखीतले लोक आता येऊन विचारतात. एक बाई आल्या, वय बासष्ट, मुलगा पेन्शनचे पैसे काढून घ्यायचा आणि हात उगारायचा. त्यांना प्रांतांपेक्षा दुसरा रस्ता जवळचा होता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सुनांसाठीच आहे असा आपला समज आहे. तो आईलाही लागू आहे. त्यात 'आर्थिक छळ' हा प्रकार स्पष्ट सांगितला आहे: हक्काचा पैसा न देणं, स्त्रीधन विकून टाकणं, घरातल्या वस्तू वापरू न देणं. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं आणि घरात राहण्याचा हक्क, पैसे, संरक्षण हे सगळं एका अर्जात मागता येतं. नुसती पोटगी हवी आणि ती दहा हजारांच्या वर हवी, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५. मात्र पोटगीसाठी तिथं आणि प्रांतांकडे दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एक निवडावं लागतं. खोटा अंगठा, खोटी सही, विश्वासानं दिलेले पैसे लाटणं, हे सरळ गुन्हे आहेत आणि त्यांची फिर्याद पोलीस ठाण्यात. आईबाप आणि मुलगा हे नातं तिथं आड येत नाही.

मुखत्यारपत्राचं तर वेगळंच. परदेशात किंवा पुण्यात असलेल्या मुलाला सोयीसाठी द्यायचं म्हणून लोक सगळे अधिकार लिहून देतात, विक्रीसुद्धा. मी आता विचारतो, काका, कशासाठी पाहिजे? वीजबिल आणि घरपट्टीसाठी? मग तेवढंच लिहू. दिलेलं मुखत्यारपत्र रद्द करता येतं. रद्दचा दस्त नोंदवावा, मुखत्याराला नोटीस द्यावी, बँकेला आणि तलाठ्याला कळवावं. आणि ज्यांच्या घरात विस्मरणाचा आजार सुरू झाला आहे त्यांनी हे नीट ऐकावं. देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेतोवरच मुखत्यारपत्राला अर्थ आहे. ती गेली की कायद्यानं ते संपतं, आणि नंतर त्यावर केलेला व्यवहार पुढं अंगावर येतो.

गेल्या वर्षी एक आजोबा आजी आल्या होत्या, सोबत त्यांचा अडतीस वर्षांचा मुलगा. मुलगा मतिमंद. तो माझ्या टेबलावरचं स्टॅम्पपॅड उघडत होता आणि बंद करत होता. त्यांना घर त्याच्या नावावर करायचं होतं, आणि पुतण्यानं सांगितलं होतं, माझ्या नावावर करा, मी बघीन त्याला. आजींना पुतण्याचा भरवसा होता, आजोबांना नव्हता. मी दस्त केला नाही. मी त्यांना सांगलीला विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरच्या माणसाला ही समिती कायदेशीर पालक नेमते. पालकाला मोकळं रान नसतं. सहा महिन्यांच्या आत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पालकानं हेळसांड केली किंवा पैसा खाल्ला तर त्याला काढता येतं. आजोबांनी 'हिशेब द्यावा लागतो' हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. नंतर पुतण्यानं पालक व्हायला नकार दिला असं कळलं. मोठ्या मुलीनं अर्ज केला आहे.

२ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, ऊर्मिला दीक्षित यांचा. मध्य प्रदेशातल्या छतरपूरची आई. बक्षीसपत्र मुलाला, आणि त्याच सुमारास मुलानं लिहून दिलेलं एक वचनपत्र, की मी आईबापांना शेवटपर्यंत सांभाळीन. न्यायालयानं म्हटलं, हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदार मनानं लावा. बक्षीसपत्र रद्द झालं आणि मालमत्ता आईकडे परत गेली. मी बातमी वाचली तेव्हा जेवत होतो. आमच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायची ६० दिवसांची मुदत केव्हाच सरली होती. आणि मुदत असती तरी त्या आईकडे एक वचनपत्र होतं. आत्तीकडे माझ्या शब्दांशिवाय काही नव्हतं.

माझा मसुदा मी बदलला आहे. आता त्यात असं आहे: "सदर मिळकत लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावा, अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पुरवावा, या अटीवर बक्षीस दिली आहे. लिहून घेणार यांनी त्यात कसूर केल्यास सदर बक्षीसपत्र लिहून देणार यांचे इच्छेने रद्द होण्यास पात्र राहील. लिहून देणार यांचा सदर मिळकतीत राहण्याचा व तिचे उत्पन्न घेण्याचा हक्क त्यांचे हयातीपर्यंत राखून ठेवला आहे." ही ओळ माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावली आहे. कुणाला ती नको असेल त्यानं माझ्याकडून दस्त करून घेऊ नये. दोन गिऱ्हाइकं त्यावरून उठून गेली. एकदा एका मुलानं विचारलं, "काका, माझ्यावर विश्वास नाही व्हय?" त्याचे वडील खाली बघत होते. मी म्हटलं, तू सांभाळणारच आहेस तर ओळ असली काय आणि नसली काय, तुला काय फरक पडतो? तो थोडा वेळ वाचत बसला आणि म्हणाला, घाला.

खरं तर मी बहुतेकांना बक्षीसपत्रच करू नका म्हणतो. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी केली तर चांगलं पण सक्ती नाही, आणि शंभर वेळा बदलता येतं. शेवटचं तेवढं खरं. जमीन शेवटच्या श्वासापर्यंत तुमची, उसाचं बिल तुमच्या खात्यावर. सोसायटीचं कर्ज हवं असेल तर तुम्ही काढा आणि पोराला द्या, किंवा त्याला सहकर्जदार करा. कर्जासाठी मालकी सोडायची गरज फार थोड्या वेळी असते. २०२० मध्ये हे मी आतेभावाला सांगायला हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर आत्ती आली. या वेळी एकटी, पासबुक पदराखाली. तिच्याजवळ आता जमीन नाही, पण दोन पाटल्या आहेत, आईच्या, आणि नव्या खात्यात साठवलेले थोडे पैसे. त्याचं मृत्युपत्र करायचं म्हणाली. पाटल्या नातीला, पैशांतले निम्मे मुलाला.

"त्याला?" मी विचारलं.

"मग कुनाला? त्यो माझाच हाय न्हवं."

मी लिहिलं. यावेळी संगणकातला तयार मसुदा उघडला नाही, तिच्या तोंडचं ऐकत कोऱ्या कागदावर लिहिलं. शेजारच्या दुकानातून दोन साक्षीदार आले, तिच्या घरातलं कुणी नव्हतं. मी सावकाश वाचून दाखवलं. मग स्टॅम्पपॅड पुढं सरकवलं. तिनं अंगठा शाईवर टेकवला, उचलला, कागदावर नेला आणि वरच धरला.

"थांब. पयल्यापासनं वाच."

मी पहिल्यापासून वाचलं.